बेल्ट चढवण्याआधी: सुपरचार्जरसाठी रोजच्या गाडीचं इंजिन तयार करताना

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ अंशांवर असतो आणि सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच बेल्टवर फिरून हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंप, तीच हवा ओढतो. तिच्यावर ०.४ बार दाब चढवायचा म्हणजे ती साधारण १.४ पट दाबायची. सुपरचार्जर ६० टक्के कार्यक्षमतेचा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला असला, तरी दाबताना हवा सुमारे ५३ अंशांनी तापते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर इंजिनाच्या तोंडाशी ९५ अंशांची हवा येते. जुना रूट्स (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) पद्धतीचा सुपरचार्जर असेल तर शंभरीच्या पुढं. इंजिन मजबूत करायचं म्हणजे या हवेला तोंड देईल असं करायचं.

फोर्ज, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन टाकले की काम झालं, असा समज आहे. तो महागात पडतो. दाब वाढवल्यावर इंजिन मरतं ते बहुतेक वेळा नॉकनं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं, दाबाचा झटका बसतो आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली पातळ कड, म्हणजे रिंग लँड, तुटते. कंपनीचा कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टन हे झटके फार खात नाही. फोर्ज पिस्टन जास्त काळ तग धरतो, पण नॉक थांबवत नाही. नॉक थांबवतात थंड हवा, पुरेसं पेट्रोल, मागं घेतलेलं टायमिंग (थोडी उशिरा उडणारी ठिणगी) आणि कमी केलेलं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते). फोर्जिंग हा त्यावरचा विमा आहे. म्हणून पैसे त्याच क्रमानं खर्च करा.

किती दाब, कशासाठी

आधी आकडा ठरवा, मग पार्ट मागवा. उदाहरणाला मारुतीचं १.२ लिटरचं के-१२ इंजिन घेऊ, कारण ते कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७१.५ मिमी, ११९७ सीसी. मूळ ताकद ८० हॉर्सपॉवरच्या घरात आहे. ०.४ बारवर ती ११० ते ११५ पर्यंत जाते. रोज शाळा-बाजार-ऑफिस आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाणाऱ्या गाडीला एवढं भरपूर झालं.

०.२५ ते ०.३ बारपर्यंत निरोगी इंजिनाच्या आतल्या भागांना हात न लावता चालवता येतं, मात्र इंटरकूलर आणि नीट ट्यूनिंग हवंच. ०.३ ते ०.५ बारला पिस्टन, रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट, हेड ब्लॉकला आवळणारे स्टड आणि गॅसकेट बदलायचे. ०.५ च्या पुढं रोजच्या गाडीत जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथं गिअरबॉक्स, अॅक्सल, ब्लॉक हे सगळेच मर्यादेला येतात, आणि उन्हाळ्यात सुरक्षित ट्यूनिंग करताना मिळवलेली ताकद परत द्यावी लागते.

सुपरचार्जरचा प्रकार इथंच ठरतो, कारण कोणत्या भागावर ताण येणार ते त्यावरून कळतं. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू खालच्या आरपीएमपासून पूर्ण दाब देतो. शहरात गाडी छान उचलते, पण २००० आरपीएमला टॉप गिअरमध्ये पाय दाबला की रॉड आणि बेअरिंगवर सगळ्यात जास्त भार येतो आणि नॉकचा धोकाही तिथंच असतो. सेंट्रिफ्यूगल (वेगानं फिरणाऱ्या चाकानं हवा फेकणाऱ्या) प्रकारात दाब आरपीएमबरोबर चढत जातो, खाली जवळजवळ काहीच नसतो. लहान इंजिनाच्या, रोजच्या, आपल्याकडच्या उन्हातल्या गाडीला सेंट्रिफ्यूगल जास्त सोसतो.

रेड लाइन, म्हणजे इंजिनाची कमाल आरपीएमची मर्यादा, मात्र वाढवू नका. दाबामुळं रॉड दाबला जातो, आणि दाबला जाणं रॉड बऱ्यापैकी सोसतो. त्याला ताणतं ते आरपीएम, आणि तो ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ६६०० वर गेलात तर ताण २१ टक्क्यांनी वाढला.

कागदाची बाजूही आताच बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकासाठी प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-२० असो की एमएच-२६, काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडं लेखी विचारा. न कळवलेल्या बदलावर अपघाताचा दावा अडतो, आणि त्यात समोरच्याचंही नुकसान होतं. परवानगी मिळत नसेल तर अशी गाडी बंदिस्त ट्रॅकपुरती ठेवा.

आधी तपासणी

थकलेल्या इंजिनावर दाब चढवणं म्हणजे जुन्या भिंतीवर मजला चढवणं. इंजिन पूर्ण गरम करा, चारही प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरच्या प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून पाच-सहा झटके होईपर्यंत सेल्फ मारा. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, जिथल्या तिथं राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

त्यानंतर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते मोजणं. गळती १० टक्क्यांपर्यंत असेल तर उत्तम, २० च्या पुढं असेल तर इंजिन खोलल्याशिवाय पुढं जायचं नाही. हवा कुठून येते ते कान लावून ऐका: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. गाडी सीएनजीवर बरीच चाललेली असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्यावर राहणारी फट) मोजाच. सीएनजीत व्हॉल्व्ह सीट घासून आत बसतात, क्लिअरन्स कमी होत जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. न मिटलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही, आणि दाब चढवल्यावर पहिल्यांदा तोच जळतो.

ऑइल प्रेशरसाठी साधा मेकॅनिकल गेज लावा. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण ०.७ बार, हा जुना आडाखा आजही चालतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो पेटतो तेव्हा बेअरिंग वाचवायला उशीर झालेला असतो.

पाणी, तेल, हवा

मराठवाड्यात इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू बोअरवेलचं पाणी आहे. रेडिएटरचं पाणी कमी झालं की बाजूच्या हातपंपाचं नाहीतर टँकरचं पाणी ओतलं जातं. ते जड असतं. त्यातले क्षार एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीच्या, म्हणजे हेडमधल्या सगळ्यात गरम जागी पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. चहाच्या पातेल्यात बसतो तसाच थर. उष्णता बाहेर जायला तो अडवतो. तापमानाचा काटा जागेवर असतो आणि हेडचा तेवढाच भाग मात्र अतोनात तापत असतो. नॉक तिथूनच सुरू होतो. हेड खोललं की हे मार्ग डोळ्यांनी बघा. पापुद्रा असेल तर हेड आणि ब्लॉक डिस्केलिंगला द्या आणि रेडिएटर नवा घ्या. जुन्या रेडिएटरच्या नळ्यांत सळया घालून साफसफाई (रॉडिंग) करून घेण्यात अर्थ नाही.

भरताना बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि ३५ ते ४० टक्के कूलंट. आपल्याकडं पाणी गोठत नाही, आणि निव्वळ पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण कूलंटचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या खाली नेलं तर गंज रोखणारं रसायन पुरत नाही. झाकण १.१ बारचं आणि नवीन. रेडिएटर मूळ जाडीच्या दीडपट अॅल्युमिनियमचा, त्याला पूर्ण आच्छादन असलेला पंखा.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय मोडा. उन्हाळ्यात तो काढला की गाडी थंड राहते असं अनेक गॅरेजमध्ये मानतात. प्रत्यक्षात पाण्याचा प्रवाह हेडमध्ये जसा वाटला जायला हवा तसा जात नाही. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल टाकत राहतो, ते भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. उघडण्याचं तापमान काही अंशांनी कमी असलेला थर्मोस्टॅट चालेल, पण असायला हवाच.

ऑइल कूलर थर्मोस्टॅटिक सँडविच प्लेटसह (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडं सोडणाऱ्या) घ्या, नाहीतर डिसेंबरच्या सकाळी ऑइल तापतच नाही. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, दर ५००० किलोमीटरला बदल. ऑइलचं तापमान १२० अंशांच्या पुढं गेलं की पाय काढायचा. समृद्धी महामार्गावर जालन्यापुढं एसी लावून दुपारभर १२० चा वेग धरला तर दाब जवळजवळ शून्य असूनही ऑइल तापत राहतं. कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं चढताना उलटं होतं: वेग कमी, दाब जास्त, समोरून वारा नाही. कूलिंगची खरी परीक्षा घाटात होते, म्हणून पंख्यावर पैसे वाचवू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) ही लहान वस्तू विसरली जाते. दाब आला की मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतली, हवा उलटी क्रँककेसमध्ये घुसते, डिपस्टिक वर उडते, क्रँकचं मागचं सील गळतं. एकाच दिशेनं उघडणारा पक्का चेक व्हॉल्व्ह लावा आणि ऑइल कॅच कॅनमधून (वाफेतलं ऑइल धरणाऱ्या डब्यातून) वाफ सुपरचार्जरच्या आधीच्या पाइपात सोडा. ऑइलची वाफ ज्वलनात गेली की मिश्रणाचा ऑक्टेन घसरतो, म्हणजे नॉकला आमंत्रणच. व्हॉल्व्ह सील नवीन टाकायचं कारणही तेच.

धूळ आपल्याकडं बारमाही आहे. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि काळ्या मातीची बारीक धूळही आत सोडतो. ती सुपरचार्जरचं चाक आणि सिलिंडरची भिंत दोन्ही घासते. मूळ कागदी फिल्टरचा मोठा डबा, आणि त्याला समोरच्या ग्रिलमधून थंड हवा, एवढंच करा.

इंटरकूलर असा निवडा की ४२ अंशांच्या दुपारी मॅनिफोल्डमधली हवा ६० च्या वर जाणार नाही आणि त्यातून जाताना दाब ०.०७ बारपेक्षा जास्त पडणार नाही. ६० ओलांडल्यावर टायमिंग आपोआप मागं जाईल अशी तजवीज ईसीयूत करून ठेवायची.

पेट्रोल

साध्या पंपावरच्या पेट्रोलवर ट्यून करा. ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल शहरात मिळतं, पण सेलू-जिंतूरकडं रात्री टाकी रिकामी झाली तर जे आहे तेच भरावं लागतं. चांगलं पेट्रोल मिळालं तर तो बोनस समजा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉक कमी करतं ही चांगली बाजू. पण निव्वळ पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, तर ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन. इंजेक्टर निवडताना हे विसरलात तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ पडतं. १२० हॉर्सपॉवरचं लक्ष्य, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे २३५ सीसी येतं. त्यावर इथेनॉलचे ९ टक्के मिळवले की २५५ च्या पुढं. २६० ते ३०० सीसीचे इंजेक्टर घ्या. त्याहून मोठे घेतलेत तर आयडलिंग बिघडतं.

आणखी एक बारकावा. आजच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा प्रेशर रेग्युलेटर टाकीत असतो, त्याला मॅनिफोल्डचा दाब कळत नाही. इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलवर ३ बार असेल आणि मॅनिफोल्डमध्ये ०.४ बार चढला, तर इंजेक्टरला खरा फरक २.६ बारचाच मिळतो आणि प्रवाह ७ टक्क्यांनी घटतो. ही घट नेमकी सगळ्यात जास्त इंधन लागतं त्या क्षणी होते. एकतर मॅनिफोल्डला जोडलेला रेग्युलेटर लावा किंवा ट्यूनिंगमध्ये ती तूट भरा.

मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडं पुढंच वाचतो. त्याच्या जागी २ बारचा हवा. धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर गाडीत कायमचा बसवा आणि वाचन लॅम्डात (लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती, त्या आकड्यात) ठेवा, कारण लॅम्डा इथेनॉलच्या प्रमाणानं बदलत नाही. पूर्ण दाबावर ०.८० ते ०.८२.

इंजिन खोलल्यावर

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायला ब्लॉक देऊ नका. मशीनवाला प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजेल आणि त्या-त्या सिलिंडरला त्याच मापानं होन करेल (घासून अचूक मापाला आणेल), तरच क्लिअरन्स बरोबर येतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीच्या आसपास दुचाकी आणि मोटारींचे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत की शंभरावा मिलिमीटर पाळणारा कारागीर शोधायला मुंबई गाठावी लागत नाही. होनिंगच्या वेळी हेडच्या जागी टॉर्क प्लेट बसवायला सांगा. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. प्लेटशिवाय केलेलं गोल होनिंग हेड बसल्यावर गोल राहत नाही.

कॉम्प्रेशन किती ठेवायचं? दाबाच्या पटीचं वर्गमूळ काढून कॉम्प्रेशनला गुणा, साधारण अंदाज येतो. मूळ ११:१ धरलं तर १.४ पट दाबावर ते १३ सारखं वागतं. आपल्या उन्हात आणि साध्या पेट्रोलवर हे चालणार नाही. ९.५ वर आणलं तर ११.२ येतं, आणि इंटरकूलरसह हे जमतं. ९ च्या खाली नेऊ नका, दाब नसताना गाडी मरगळते आणि मायलेज पडतं.

आता सीसीचा हिशेब. एका सिलिंडरचं आकारमान २९९.२५ सीसी. ११:१ ला वरची मोकळी जागा २९.९ सीसी, ९.५:१ ला ३५.२. म्हणजे ५.३ सीसी जागा वाढवायची, आणि ती पिस्टनच्या डोक्यातल्या खोलगट वाटीतच मिळवायची. हेच जाड गॅसकेट टाकून करायचं म्हटलं तर १.३ मिमी वाढवावे लागतात. मग पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली अरुंद फट रुंद होते. मिश्रण कडेकडून मध्ये ढकलून घुसळण्याचं काम ती फट करते, तेच बंद पडतं. कॉम्प्रेशन कमी करूनही नॉक वाढतो तो असा. स्वस्त म्हणून दोन गॅसकेट एकावर एक टाकणाऱ्यांकडून गाडी परत आणा. ही फट १ मिमीच्या आसपास राहिली पाहिजे.

पिस्टनचं फोर्जिंग दोन मिश्रधातूंत मिळतं. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तो कमी फुगतो, त्यामुळं क्लिअरन्स घट्ट ठेवता येतो आणि सकाळी थंड इंजिन खडखडत नाही. २६१८ जास्त चिवट, पण जास्त फुगणारा. त्याला सैल क्लिअरन्स लागतो आणि रोजच्या थंड स्टार्टला तो भिंतीवर आपटतो. रोजची गाडी, ०.४ बार: ४०३२ घ्या. क्लिअरन्स पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचाच, मेकॅनिकच्या अंदाजाचा नको.

रिंगचा गॅप हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम. दाबाखाली रिंग जास्त तापते आणि लांबीनं वाढते. तिची टोकं एकमेकांना भिडली की ती भिंतीत रुतते आणि पिस्टनची कड उपटून काढते. खोललेल्या इंजिनात हे नॉकसारखंच दिसतं, त्यामुळं दोष उगाच ट्यूनरच्या माथी येतो. बोअरला ०.००४५ ते ०.००५ नं गुणा: ७३ मिमीला वरच्या रिंगचा गॅप ०.३३ ते ०.३७ मिमी. दुसऱ्या रिंगचा त्याहून थोडा जास्त, ०.३७ ते ०.४०, म्हणजे दोन्हींच्या मध्ये दाब अडकून वरची रिंग उचलली जाणार नाही. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्यानं सुमारे २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फीलर गेजनं मोजा. कमी असेल तर एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेनं कानस चालवा. नंतर टोकाची धार झिरो पेपरनं मोडा, नाहीतर ती बोअरवर रेघ ओढेल. चारही सिलिंडरच्या रिंग वेगवेगळ्या पाकिटांत, नंबर टाकून.

रॉड मूळचेच ठेवायचे असतील तर मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करा आणि बोल्ट एआरपी कंपनीचे किंवा त्या दर्जाचे टाका. नवीन बोल्ट आवळल्यावर बिग एंडचं (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) भोक गोल राहत नाही. बोल्ट बदलले की बिग एंड री-साइज करणं आलंच. हे टाळलं की बेअरिंग दोन हजार किलोमीटरही टिकत नाही. चार रॉड आणि चार पिस्टन एका ग्रॅमच्या आत जुळवा.

बेअरिंगचा क्लिअरन्स जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतका: ४२ मिमीच्या जर्नलला ०.०४ मिमीच्या आसपास. प्लास्टिगेजची, म्हणजे दाबल्यावर पसरणाऱ्या मऊ प्लास्टिकची, पट्टी ठेवून टोपी पूर्ण टॉर्कनं आवळा, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा खोला, पसरलेली पट्टी मोजा.

ऑइल पंपाचा दात्यांचा गिअर बहुतेक लहान इंजिनांत क्रँकच्या नाकावरच बसतो आणि तो दाबलेल्या धातूच्या भुकटीचा असतो. सुपरचार्जरचा बेल्ट त्याच नाकाला ओढतो, ०.४ बारला ६ ते ८ हॉर्सपॉवर त्यातूनच जातात. म्हणून क्रँकची कंपनं शोषणारा रबराचा डॅम्पर काढून हलकी सॉलिड पुली बसवू नका. कंपनं थेट त्या गिअरला जातात आणि त्याला चीर पडते. ऑइल प्रेशर क्षणात शून्य होतं. नवीन पंप, नवीन क्रँक बोल्ट, आणि पुलीची चावी तपासून.

व्हॉल्व्ह स्प्रिंगबद्दल घाबरवलं जातं. २८ मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हवर ०.४ बारचा दाब मागून जेमतेम अडीच किलोचा जोर लावतो. स्प्रिंग थकलेल्या नसतील तर त्याच चालतील. थकलेल्या असतील तर कंपनीच्याच नव्या. तो पैसा क्लचला ठेवा. टॉर्क तिसऱ्या हिश्शानं वाढल्यावर मूळ क्लच तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये घसरतो. मजबूत प्रेशर प्लेट आणि साधी ऑर्गॅनिक प्लेट घ्या, क्रांती चौकातल्या गर्दीत पक क्लच (सलग थराऐवजी घर्षणाचे तुकडे असलेला) चालवता येत नाही. सीव्हीटी गिअरबॉक्सच्या गाडीला हे सगळं करू नका.

बांधणी

हेड आणि ब्लॉकवर पट्टी धरून फीलर गेज घालून बघा, कुठंही ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट नको. मल्टिलेअर स्टील गॅसकेटला पृष्ठभाग आरशासारखा लागतो, खडबडीतपणा १ मायक्रॉनच्या आसपास किंवा कमी. जुनी पॅकिंग काढायला ग्राइंडरवरची घासणी चकती वापरू नका. ती अॅल्युमिनियममध्ये खड्डे पाडते आणि तिची खर बेअरिंगपर्यंत पोचते. प्लास्टिकची पट्टी आणि संयम.

स्टडच्या भोकांतलं तेल-पाणी हवेनं पूर्ण उडवा. तळाशी द्रव राहिला तर स्टड आत जाताना त्याला दाबतो आणि ब्लॉकला आतून चीर जाते. आटे थ्रेड चेझरनं साफ करा, नवा टॅप मारू नका. तो धातू कापतो आणि आटे सैल होतात. स्टड हातानंच बसवायचे. नट तीन टप्प्यांत, मधून बाहेरच्या क्रमानं, स्टडसोबत आलेलंच वंगण लावून. इंजिन ऑइल लावून तोच टॉर्क दिला तर घर्षण जास्त असतं, पाना क्लिक होतो पण स्टड पुरता ताणलेला नसतो.

प्लग एक हीट रेंज थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. गॅप ०.७ मिमी, कारण दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारणं जड जातं.

रनिंग-इन आणि पहिली ओढ

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फ मारा आणि ऑइल प्रेशर गेजवर दिसेपर्यंत थांबा. पहिले १५०० किलोमीटर सुपरचार्जरचा बेल्ट न चढवता, त्याला वगळून जाणाऱ्या आखूड बेल्टवर गाडी चालवा. हवा बायपासमधून जाईल. पहिले ५०० किलोमीटर मिनरल ऑइल. आयडलिंगवर ताटकळत ठेवू नका. तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा पाय दाबून ओढा आणि पाय सोडून इंजिन ब्रेक होऊ द्या. रिंग बसतात त्या दाबानं, हळू चालवून नाही. ऑइल ५० किलोमीटरला, ५०० ला आणि १५०० ला बदला. प्रत्येक वेळी फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा. पहिल्या वेळी बारीक चकाकी दिसणं ठीक, तिसऱ्या वेळीही दिसली तर बेअरिंग खोला.

मग बेल्ट चढवा, ट्यूनिंग ०.२ बारपासून. टायमिंग प्रत्येक ०.०७ बारला एक अंश मागं घेऊन सुरुवात करा, म्हणजे ०.४ ला सुमारे सहा अंश. नॉक ऐकायचा हेडफोन लावलेला ट्यूनर हवाच. हे काम सकाळच्या गारव्यात करून भागत नाही. शेवटची जुळणी दुपारी दोन वाजता, एसी लावून, चढावर करा.

१०० किलोमीटरनंतर चारही प्लग काढून भिंगाखाली धरा. पोर्सलीन स्वच्छ, फिकट असेल तर पुढचा दाब चढवा. त्यावर मिऱ्याची भुकटी उडाल्यासारखे काळे ठिपके असतील किंवा बारीक चंदेरी कण चिकटलेले असतील, तर ते चंदेरी कण तुमच्या पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. गाडी तिथंच थांबवा, सुपरचार्जरचा बेल्ट उतरवा, आखूड बेल्टवर घरी आणा आणि लीक-डाउन पुन्हा मोजा.